सिस्टरनं बोललेला नवस

माझा जन्म झाला तो एका ख्रिस्ती सिस्टरच्या हातून. सिस्टर मूळच्या केरळच्या, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात, मिशनच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात काढली. माझ्या वेळेला आई फार अडली होती. ओढा भरून वाहत होता आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची जीप पलीकडंच अडकली होती. तेव्हा आईचा हात धरून सिस्टर म्हणाल्या, "भिऊ नको. आमच्या डोंगरावरच्या मातेला नवस बोलले मी तुझ्यासाठी."

मी सुखरूप जन्मले. काही वर्षांनी सिस्टरची बदली झाली, आणि आईच्या जिवाला तो नवस लागून राहिला.

"आपल्यासाठी बोललेला नवस दुसऱ्यानं फेडून कसं चालंल?" ती म्हणायची. वडील हसायचे. वडील गेल्यावर हसणारं कुणी उरलं नाही. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दवाखान्यातल्या नव्या सिस्टरना गाठलं. त्यांनी फोनाफोनी केली तेव्हा कळलं, आमच्या सिस्टर आता थकल्यात आणि त्या डोंगरावरच्याच मठात राहतात.

सोलापूरहून आम्ही रेल्वेनं निघालो. आईनं पिशवीत हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, बांगड्या असं ओटीचं सगळं सामान घेतलं होतं, आणि सिस्टरसाठी ज्वारीच्या कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. नारळ मात्र मी घेऊ दिला नाही. केरळात नारळ घेऊन जातेस म्हटल्यावर तिलाही हसू आलं.

शेवटचा टप्पा बसचा होता. वळणावळणानं गाडी चढत होती, दोन्ही बाजूंना एवढी हिरवळ की आई म्हणाली, "हितं जनावरं लई सुखी असतील." डोंगरमाथ्यावर ते गाव होतं. उतरत्या कौलांची घरं, मेणबत्त्यांची दुकानं आणि सगळ्यांच्या वर ते शेकडो वर्षांचं पांढरं चर्च.

सिस्टर फाटकातच उभ्या होत्या. पार वाकल्या होत्या, हातात काठी. आईला बघून म्हणाल्या, "लई वाळलीस गं तू!" इतक्या वर्षांनी आमच्याकडचं बोलणं त्यांच्या तोंडून ऐकून आईला रडू फुटलं.

मी नवसाचं सांगितलं. सिस्टर आठवू लागल्या आणि एकदम हसल्या. "अगं, मी तर तेव्हा प्रत्येक बाळंतिणीसाठी बोलायचे. मला तरी बाळंतपणाचं कुठं येत होतं एवढं? भीती वाटायची ना!"

"बोललात ना पण?" आई म्हणाली. "मंग झालं तर."

चर्चच्या आत गार होतं. मेणाचा आणि तेलाचा वास येत होता. माता लेकरू कडेवर घेऊन उभी होती, अंगावर जरीची साडी. भाविक बाया पुढं होऊन पायाशी फुलं ठेवत होत्या. आईनं पिशवीतून सगळं काढलं, नीट लावलं आणि माझ्यापुढं धरलं. "भर ओटी."

"तू भर ना. नवस तुझा," मी म्हणाले.

"मी कशी भरू?" ती हळूच म्हणाली. वडील गेल्यापासून तिनं कुठल्याच देवीची ओटी भरली नव्हती. हळदी-कुंकवाला ती आपणहून मागं सरायची, सगळे ते धरूनच चालत, आणि मीही.

सिस्टरनी ऐकलं. काठी टेकत त्या आईजवळ आल्या. "हिचा नवरा आधीच गेला होता," मातेकडं बोट करून त्या म्हणाल्या, "आणि लेक डोळ्यांदेखत गेला. ही तुला काय विचारणार आहे?"

आईनं मान वर करून मातेकडं पाहिलं. मागच्या बाया थांबल्या, कुणी घाई केली नाही. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, पुढं गेली आणि खण मातेच्या पायाशी ठेवला. त्यावर तांदळाची ओंजळ सोडली. काही दाणे फरशीवर सांडले. ते ती एकेक करून वेचू लागली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "राहू दे, चिमण्या येतात."

दुपारी मठाच्या ओसरीत सिस्टरनी भाकरी आमटीत चुरून खाल्ली, चटणीचं बोट चाटलं आणि गावातल्या एकेकीची चौकशी केली. किती तरी जणी आता नव्हत्या.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी सिस्टर गेल्या. आता आईलाही लांबचा प्रवास झेपत नाही. पण त्या दिवसाचा विषय निघाला की तिचा चेहरा सैल होतो. गावी परतल्यावर शेजारणींनी विचारलं होतं, "कशी हाय वो तिथली देवी?"

"बाईच हाय की, आपल्यासारखी," आई म्हणाली. "लेकरू कडंवर घिऊन उभी हाय बिचारी. चढ मात्र लई हाय."

ओटीचं तिनं कुणाला सांगितलं नाही.