दहा गोळ्या, नऊ भोकं

रायफल क्लबात गोळ्या मोजून मिळतात, किस्से मात्र पोतंभर! सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरचे चार-पाच जण पॉइंट टू-टू रायफल शिकायला लागलो, तेव्हापासूनचे साठलेत.

शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. पहिले काही महिने गोळीच नाही! रायफलीत झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी घालायची, नळीवर आगपेटी ठेवायची आणि ट्रिगर दाबायचा. गांधीबागेतले कापडवाले गोपाळराव वैतागले, "साहेब, गोळी कधी देता?"

"आगपेटी पडायची थांबली की!"

गोपाळरावांची आगपेटी दिवाळीपर्यंत पडत होती.

मग त्यांना नेम धरताना श्वास रोखायला सांगितलं. इतका रोखला की डोळ्यापुढे अंधारी आली, रायफलीवरच मान टाकली! साहेब ओरडले, "श्वास थांबव म्हटलं गा, जीव दे नाही म्हटलं!"

माझी तऱ्हा वेगळीच. पहिल्या स्पर्धेत दहाही गोळ्या मस्त गेल्या, मी खुशीत! निशाण्याची कार्डं आली तर माझं कोरं. सगळ्या गोळ्या शेजाऱ्याच्या कार्डावर! तो म्हणाला, "भाऊ, माह्या कार्डाची चाळणी काहून करून राहिले?"

आणि वत्सलाबाई! उमरेडकडच्या विणकर घरातल्या. पोटावर झोपून नेम धरला की पापणी हलायची नाही. बघताना आपलाच श्वास अडकायचा, खरं सांगतो! राज्याच्या संघात एकच जागा होती. घरून बजावलं होतं, "निवड झाली तं जा, नाही तं उद्यापासून रायफल बंद."

निवडीच्या दिवशी पन्नास मीटरवरून दहा गोळ्या झाडल्या. कार्ड आलं, भोकं नऊच. पंचांनी लिहिलं, "दहावी गोळी कार्डाबाहेर." म्हणजे निवड गेली! बाईंचा चेहरा उतरला, पण हटल्या नाहीत. "साहेब, दाही कार्डातच हायेत. मांगचा ओंडका पाहा."

कार्डामागे लाकडाचा ओंडका असायचा, त्या दिवशी तर नवाकोरा. सुभेदारसाहेबांनी मधल्या भोकामागे चाकूनं कोरलं. शिशाची गोळी निघाली, आणि तिच्या पाठीत रुतून बसलेली दुसरी! अरे बाप रे! पंचांनी मुकाट्यानं आपलं वाक्य खोडलं आणि बाईंचं नाव संघात लिहिलं.

मग म्हणाले, "कमाल आहे बाई! शेवटची गोळी बरोबर आधीच्याच भोकात?"

"नाही जी," वत्सलाबाई म्हणाल्या, "त्या भोकात चवथी अन् सातवी हाय. शेवटची हे कडेची. जराशी चुकली."