मैनेची जांभई

धर्मा टांगेवाला नौपाड्यात माझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी शिवणाच्या मशीनवर बसले होते. डोक्यावरची टोपी त्याने हातात घेतली होती. हा कल्याणहून एवढ्या लांब आलाय म्हणजे घोडीचंच काहीतरी काम असणार, असं मी धरून चालले. आजवर तो जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा मैनेच्या साजाची एखादी गादी उसवलेली असायची, नाहीतर नवी शिवून हवी असायची. मी चाक थांबवत विचारलं, "काय रे धर्मा, काय झालं मैनेला?" तो म्हणाला, "घोरी बेस हाय, बाय." मग टोपीची कड चाचपत म्हणाला, "मास्तर गेलं." मास्तर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कल्याणच्या एका शाळेतले ड्रिलमास्तर, माझे भाऊजी. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सकाळी मात्र नेहमीसारखे टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन मैनेच्या मानेवर हात ठेवून आले होते. माणूस गेल्याचं सांगायला आलेल्याला मी आधी घोडीची खुशाली विचारली, याचं मला पुढे पुष्कळ दिवस कसंतरीच वाटत होतं. पण भाऊजींना हे कळलं असतं तर ते पोट धरधरून हसले असते, याबद्दल मला शंका नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ताईला भेटायला येणारी माणसं अजून येतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "मास्तर म्हणजे शिस्त हो! काय तो आवाज, काय तो दरारा!" मी मान डोलावते. सगळं खरंच आहे. पण त्यांनी पाहिले ते घोडीच्या आधीचे भाऊजी. घोडीनंतरचे भाऊजी आम्हा घरच्यांनाच काय ते ठाऊक, म्हणून हे लिहायला बसले.

घोडीच्या आधीचे भाऊजी म्हणजे एक चालतं बोलतं वादळ होतं. गळ्यात शिटी अडकवलेली, ती शाळेतून आल्यावरही उतरत नसे. रस्त्यात ताईच्या पुढे इतके भराभर चालत की दोघं एकत्र निघाली आहेत हे लोकांना सांगावं लागे. ताईने बोलायला सुरुवात केली की तिचं अर्धं वाक्य हे पुरं करत, आणि ते हटकून चुकीचं पुरं करत. "अहो, आज भाजीला..." असं ती म्हणाली की "पैसे ना? घे कोनाड्यातून," असं म्हणून हे मोकळे. तिला सांगायचं असे की आज भाजीला मीठ जास्त पडलंय. मेहुणीला थट्टेचा हक्क असतो आणि तो मी कधी वाया घालवला नाही. मी म्हणायची, "भाऊजी, तुम्ही ताईच्या पुढच्या जन्माचीसुद्धा वाक्यं आत्ताच पुरी करून ठेवा, म्हणजे सुटाल एकदाचे." त्यावर ते माझंही पुढचं वाक्य बोलून टाकत.

त्यांचं लहानपण तालमीत गेलेलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच इलाज होता, मालिश. पितळेच्या वाटीत तेल कोमट करायचं, बाह्या सरसावायच्या आणि समोरच्याला कणीक तिंबल्यासारखं तिंबून काढायचं. पडसं असो, पाठ धरलेली असो, नाहीतर नुसताच कंटाळा आलेला असो. आमच्या वडिलांच्या पाठीला त्यांनी एकदा मोठ्या प्रेमाने तेल लावलं. त्यानंतर वडील कल्याणला आले की बसताना पाठ भिंतीला टेकवूनच बसत आणि जावई खोलीत असेपर्यंत ती भिंतीपासून हलवत नसत.

धर्माची आणि भाऊजींची ओळख टांग्यातली. धर्मा खाडीकाठच्या गावचा, घरची थोडी भातशेती, आणि वडिलांपासून चालत आलेला टांगा. मैनेला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. फाळणीनंतर कल्याणच्या कँपात सिंधी मंडळी आली आणि स्टेशनवरच्या टांग्यांना उसंत म्हणून राहिली नाही. ट्रंका, वळकट्या, भांड्यांची पोती, त्यावर माणसं. मैना बिचारी ओढत राहिली. आणि मग एके वर्षी ती बिघडली. साज घेऊन धर्मा जवळ आला की कान मागे पाडायची, दात दाखवायची. तंगाचा पट्टा पोटाखाली आवळायला गेलं की अंग लाकडासारखं ताठ करायची. डाव्या हाताला वळायचं तर मान वळेचना. धर्माने लिंबू-मिरची बांधली, नाल बदलून घेतले. जनावरांच्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं की रोग काही नाही, अंग आखडलंय, विसावा द्या. पण विसावा द्यायचा तर खायचं काय? शेवटी दगडाच्या खाणींना जनावरं पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याशी त्याचं बोलणं झालं. येत्या रविवारी येऊन तो मैनेला घेऊन जाणार होता. खाणीवर गेलेलं घोडं परत कसं येतं ते अड्ड्यावर सगळ्यांना माहीत होतं. हे सांगताना धर्मा टांग्यातच रडायला लागला, तेव्हा मागच्या बाकावर बसलेले भाऊजी गरजले, "रडतोस काय! रविवारपर्यंत ती माझी. मालिश करतो."

मालिशचा पहिला दिवस अड्ड्यावर अजून सांगितला जातो. भाऊजी वाटीभर तेल घेऊन गेले, शर्ट काढून खुंटीला लावला, जय बजरंग म्हणाले आणि पैलवानाच्या पाठीवर मारावी तशी सणसणीत थाप त्यांनी मैनेच्या पाठीवर मारली. पुढचं फार भराभर झालं. तेल धर्माच्या अंगावर गेलं, भाऊजींच्या धोतराचा सोगा मैनेच्या दातांत गेला, आणि स्वतः भाऊजी खांबावर आपटले ते उजवं मनगट मुरगळूनच घरी आले. ताईने हळदीचा लेप लावून हात गळ्यात बांधून दिला. मी शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पोचले तेव्हा शिटीच्या शेजारी हातही लोंबत होता. मी म्हटलं, "भाऊजी, घोडी तालमीत तयार झालीय वाटतं?" त्यांनी डाव्या हाताने शिटी पुसायला घेतली, त्यावरून प्रकरण मनाला लागलंय हे मी ओळखलं.

पण त्यांनी जाणं सोडलं नव्हतं. उजवा हात गळ्यात, तर डाव्या हाताने करू, असं म्हणून ते रोज निघत. आणि खरं सांगायचं तर जे घडलं ते या डाव्या हातामुळे. त्या हातात जोर नव्हता. थाप मारता येईना, रगडता येईना. नुसता तळवा मैनेच्या मानेवर टेकवायचा आणि उभं राहायचं, एवढंच जमत होतं. डाव्या हाताच्या पहिल्या दिवशी ते तसेच उभे राहिले, कारण दुसरं काही सुचेना. हात हळूहळू वर सरकवत कानामागे नेला, तिथे तिने पापणी मिटली. हात तिथेच ठेवला. जरा वेळाने तिची मान खाली आली. खालचा ओठ सैल सुटून लोंबायला लागला. तिने जीभ फिरवली, तोंड चघळल्यासारखं केलं आणि सगळे दात दिसतील अशी भलीमोठी जांभई दिली. मग अंग झाडून असा सुस्कारा टाकला की धर्मा घाबरून म्हणाला, "मास्तर, हिचा जीव गेला कं काय?" भाऊजी म्हणाले, "गप. आत्ता आलाय." पुढे हे सगळं आपलं मोठं संशोधन असल्यासारखं ते पाहुण्यारावळ्यांना सांगत. मी त्यांना दर वेळी आठवण करून द्यायची की निम्मं श्रेय मुरगळलेल्या मनगटाचं आहे.

कानामागची ती जागा म्हणजे साजाचा जुना पट्टा जिथे काचत होता नेमकी ती. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर भाऊजींनी ताईकडे एखादं मऊ जुनेर मागितलं. ताईने ट्रंकेतून आपलं एक विटलेलं लुगडं काढलं आणि माझ्यापुढे टाकत म्हणाली, "शीव बाई, माझ्या सवतीला शीव. लग्नात मला नेसवलं नाही एवढ्या हौसेने तिला नेसवतायत." मी शिवणाची मास्तरीण, त्यामुळे ही कामगिरी माझ्याकडे आपसूकच आली. पट्ट्याला आतून घालायची घडी मी तिथेच बसून शिवली. मैनेला ताई तेव्हापासून सवतच म्हणायची. इतक्या वर्षांत तिने त्या घोडीच्या अंगाला बोट म्हणून लावलं नव्हतं.

रविवारी सकाळी व्यापारी आला. मीही गेले होते, शिवलेली घडी बसते की नाही ते बघायला. त्याने मैनेचे दात बघितले, पाय उचलून बघितले, आणि मग दम बघायचा म्हणून "हॅऽऽक" करून तिच्या पुठ्ठ्यावर जोरात थाप मारली. झालं! कान मागे, दात बाहेर, अंग पुन्हा लाकूड. आठवडाभराची मेहनत एका थापेत गेली. धर्माचा चेहरा मला बघवेना. मला वाटलं, आता भाऊजी त्या व्यापाऱ्यावर असे कडाडतील की स्टेशनातल्या गाड्या थांबतील. पण ते नुसते पुढे गेले, डावा तळवा मैनेच्या कानामागे टेकवला आणि उभे राहिले.

काही होईना. सगळा अड्डा गोळा झाला होता. टांग्यात चढलेली गिऱ्हाइकं खाली उतरून बघत होती. व्यापाऱ्याने घड्याळ काढलं, आत ठेवलं, पुन्हा काढलं. आयुष्यात कुणाचं एक वाक्य संपेपर्यंत न थांबलेला माणूस त्या घोडीजवळ ऊन चढेपर्यंत थांबला होता... मी भाऊजींकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. घामाचे ओघळ कानावरून वाहत होते, पण हात हलत नव्हता. आणि मग मैनेने पापणी मिटली. मान इंचाइंचाने खाली आली, ओठ सुटला, आणि तिने ती सुप्रसिद्ध जांभई दिली. तिच्या पाठोपाठ धर्माने दिली, मी दिली, गिऱ्हाइकांनी दिली, आणि शेवटी आवरत आवरत व्यापाऱ्यानेही दिली. सगळा अड्डा खो खो हसायला लागला. धर्माने साज आणला तर मैनेने आपणहून त्यात मान घातली. व्यापारी छत्री उचलत म्हणाला, "मला खाणीवर ओढणारं जनावर पायजे. जांभया देणारं नको. ठेव तुला!" दिलेल्या शब्दातून धर्मा असा परस्पर सुटला. त्या दिवशी आम्हाला त्याने दुर्गाडीपर्यंत फिरवून आणलं. डावीकडच्या वळणावर मैनेची मान वळली तेव्हा भाऊजींनी शिटी वाजवली.

मनगट बरं झालं, पण रगडणं परत आलं नाही. रोज सकाळी शाळेआधी ते अड्ड्यावर जात. बाकीचे टांगेवालेही आपली घोडी पुढे करू लागले. तेल लागत नव्हतं, तरी पितळेची ती वाटी बरोबर असायचीच. मी विचारलं, "रिकामी वाटी कशाला मिरवता, भाऊजी?" तर म्हणाले, "मालिशला रिकाम्या हाताने कसं जायचं?" आणि घरात हळूहळू एक नवल घडायला लागलं. ताईने "अहो, आज भाजीला..." म्हटलं की भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत थांबायला लागले. ताईला सवय नव्हती, ती गडबडून जायची आणि काय सांगायचं तेच विसरायची. पुढे रुळली. एकदा मला म्हणाली, "अगं, मला एवढं बोलायचं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं." रस्त्यातही ते पारनाक्याच्या कोपऱ्यावर तिच्यासाठी उभे असलेले मी पाहिलेत, हात मागे बांधून, घाई नसल्यासारखे. माझ्या बहिणीचा खरा संसार लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एका घोडीच्या कृपेने सुरू झाला. तो आणखी चालायला हवा होता. फार लवकर गेले भाऊजी, आणि त्याचा मला राग येतो.

दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी धर्मा टांगा घेऊन ताईच्या दाराशी आला. आत आला नाही. पायरीशी उभा राहून तिला म्हणाला, "मास्तरीणबाय, मैना खाते, चालते, पन मास्तर गेल्यापासना तिनी एकदा पन जांभाय नाय दिली. आंग परत लाकराचा झालाय. मी हात ठेवतू तर मना नाय जमत." ताई ऐकत होती. मला वाटलं, म्हणेल, मी काय करू बाबा त्याला. पण ती पदर खोचून उठली आणि सरळ सवतीपुढे जाऊन उभी राहिली. "कुठे गं ठेवायचा हात?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "कानामागे. तुझं लुगडं आहे ना, तिथेच." तिने घाबरत घाबरत तळवा टेकवला. मैनेने कान मागे पाडले. ताईने हात काढला नाही. कितीतरी वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. मग मैनेची मान खाली आली, ती ताईच्या खांद्यावरच येऊन टेकली, आणि तिथेच तिने जांभई दिली. ताई हसली, आणि हसता हसता भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडली.

परवा मी कल्याणला मुक्कामाला होते. सकाळी पाहते तर ताई चपला घालून निघालेली, हातात ती पितळेची वाटी, घासून लख्ख केलेली. मी म्हटलं, "ताई, वाटी कशाला? तेल तर लागत नाही." ती दारात थांबली आणि माझं बोलणं पुरं होऊन गेल्यावरही क्षणभर तशीच थांबली.

"अगं," ती म्हणाली, "रिकाम्या हाताने कसं जायचं?"