नानांचा तळहात

पिंप्राळ्यातल्या त्या गॅरेजात कुणी गाडीचं ऑइल बदलायला आलं की नाना मिस्त्री आधी जुन्या तेलाचा एक थेंब तळहातावर घेत, अंगठ्याने पसरवत आणि उन्हात जाऊन हात तिरका करत. "नाना, भविष्य काय म्हणतंय?" असं मी चिडवायचो. "सर, इंजिन मांगेतून बोंबलस. तेल पहिले सांगस," ते म्हणत. मूळचे धुळ्याकडचे, जळगावात उभी हयात काढली, पण अहिराणी तसूभर हलली नाही.

काळ्या तेलात पिवळी चमक दिसली तर बेरिंग झिजतंय, पांढरी दिसली तर पिस्टन. जाड कण बोटालाही लागतात. सुरुवातीची भुकटी मात्र फक्त उन्हात दिसते. जुनी गाडी घेणारे म्हणूनच ती आधी नानांकडे आणत. नानांनी मान हलवली की सौदा पक्का. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या गाडीबद्दल त्यांनी गिऱ्हाइकासमोर "बठ्ठं इंजिन खलास शे" म्हणून सांगितलं. मेहुणा दोन वर्षं त्यांच्या घरी जेवायला आला नाही.

पुढे नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचा पाना ते चाचपडून शोधायला लागले. ऑपरेशनचं नाव काढू देत नसत आणि कुणाला कळूही देत नसत. माझ्या ते लक्षात आलं होतं.

त्याच सुमारास मी माझी जुनी गाडी विकायला काढली. नशिराबादचा एक तरुण ती भाड्याने चालवायला विकत घेत होता. तो बाहेर फोनवर बोलत असताना नानांनी थेंब घेतला, उन्हात बराच वेळ हात फिरवला आणि मग हळूच माझ्यापुढे धरला.

"सर, काही चमकस का?"

चमकत होतं. बारीक, पिवळं, अगदी स्पष्ट.

"नाही नाना. स्वच्छ आहे."

नानांनी त्या तरुणाला आत बोलावलं आणि मान हलवली.

महिन्याच्या आत इंजिन जाम झालं. तो गॅरेजात आला तेव्हा दुर्दैवाने मी तिथेच होतो. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "नाना, तुमना शब्दवर लिधी व्हती," एवढंच तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सरना दोष नही," नाना म्हणाले. "मनाच डोया चुकना."

तेव्हा खरं न सांगितल्याची लाज मला आजही झोंबते. नानांनी ते इंजिन स्वतः उघडून, चाचपडत, पुन्हा बांधून दिलं. पण गाड्या दाखवायला येणारे हळूहळू थांबले, आणि एक दिवस गॅरेजचं शटर खाली आलं ते कायमचं. माझ्या नव्या गाडीचं ऑइल बदलतात तेव्हा मी अजूनही पाठ फिरवून उभा राहतो.

नाना जाण्याच्या आठ दिवस आधी मी सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. सुनेने त्यांना अंगणात, उन्हात खाटेवर बसवलं होतं. किती तरी दिवसांत तेल न लागलेले त्यांचे हात ओळखू येत नव्हते. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी रिकामा तळहात माझ्यापुढे धरला.

"सर, काही चमकस का?"

"नाही नाना. स्वच्छ आहे."

या वेळी मी खरं बोलत होतो. नानांनी मान हलवली नाही. तळहात तसाच धरून त्यांनी सुनेला हाक मारली.

"वैशू, तू देख बरं."