भिंतीवरचं घोंगडं

वहिनी गेली. आज सकाळी, इंदापूरच्या घरात.

आणि मला सगळ्यात आधी आठवली ती बारामतीच्या घराची भेग.

शहाण्णव असेल, नाहीतर सत्त्याण्णव. एमआयडीसीच्या अलीकडं काळ्या रानात आमचं दोन खोल्यांचं घर. दादाला इंदापूरकडं काम लागलेलं. तिकडं नवं घर अर्धवट, वर पत्रासुद्धा नाही. हे विकल्याशिवाय ते पुरं होणार नव्हतं.

म्हणजे विकेपर्यंत राहायचं ह्यातच.

मी नववी सोडून हिंडत होतो. कधी उसाच्या ट्रॅक्टरवर, कधी टेम्पोवर क्लीनर. मधेच उजनीच्या पाण्यावर लाल-पांढरे पक्षी बघायला जायचो. ते एका पायावर कसे झोपतात, ह्यावर मी तासभर बोलू शकतो.

असो. भेग.

आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीला होती. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, तशी भिंतही फाटत चाललेली. पाडव्याला भेगेत आगकाडी जायची. वैशाखात आख्खी काडेपेटी बसली.

दादानं पेपर कोंबून वरनं गिलावा केला. चार दिवसांत उकलला.

आम्ही सगळे त्याच खोलीत झोपायचो. दादाच्या पोरांच्या गाद्या भिंतीला लागून. मधेच भुरूभुरू माती पडायची. सकाळी उठून अंगावरची झटकायचो.

एजंट म्हणायचा, घर असं ठेवा की पार्टीला वाटलं पाहिजे, उद्याच राहायला यावं.

मग सुकटाची फोडणी बंद. दोरीवर कपडे नाहीत. पोरांच्या चपला पेंडीच्या पोत्यात. शेजारच्यांच्या दोन खुर्च्या आणून ठेवलेल्या, त्यावर आम्ही बसायचं नाही. वहिनी दिवसातून तीनदा फरशी पुसायची. पोरगी एकदा रडत म्हणाली, आई, आपण आपल्याच घरात पाहुणे झालो का गं?

घोंगड्याची आयडिया माझी.

वहिनीच्या माहेरचं घोंगडं होतं, तिच्या वडलांच्या मेंढरांच्या लोकरीचं. काळंभोर. मी दोन खिळे ठोकले आणि भेगेवर टांगलं. म्हटलं, शोपीस. शहरात लावतात.

वहिनीनं वर बघितलं. म्हणाली, "भाऊजी, घोंगडं अंथरायचं आसतं. टांगायचं न्हाय."

मी हसलो. आणि दादाची गाडी काढून इंदापूरला पळालो. भीती वाटली की मी नेहमी गाडी काढायचो.

पार्टी आली तेव्हा मात्र मी घरात होतो.

काटेवाडीचे तात्या. उसाचं रान, चार म्हशी, डोक्याला पटका. जावयाला एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून लेकीसाठी घर बघत होते. लेक सोबत होती, सातवा महिना चालू.

घर आवडलं त्यांना. दादाचा चेहरा उजळला.

ती ताई आतल्या खोलीत फिरली. घोंगड्यासमोर उभी राहून वर वाश्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तात्या, पाळणा हितं बांधू. भिंतीच्या आडोशाला."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली.

दादा घाईनं म्हणाला, "तात्या, चला भायेर, खुर्च्या टाकल्यात."

"ऱ्हाऊ द्या. आत गार हाय. ते घोंगडं काढा की खाली."

मी म्हटलं चटई आणतो.

"चटईवर बसायला म्या काय हापिसात आलोय व्हय? धनगराच्या घरी आलोय. पाव्हण्याला घोंगडं न्हाय आन् भिंतीला घोंगडं, ही कुठली रीत?" हसत म्हणाले ते. खरंच गमतीनं म्हणाले.

दादा वहिनीकडं बघत होता. नको, अशी नजर. मी दाराकडं बघत होतो, गाडीची किल्ली खिशात होती.

मला त्या दिवसाएवढी भीती परत कधी वाटली नाही. घाटात ब्रेक फेल झाला तेव्हासुद्धा नाही.

वहिनीनं ट्रे खाली ठेवला. पदर खोचला. घोंगडं ओढलं.

खिळा गिलाव्यासकट निघून आला.

भेग वरपासून खालपर्यंत. तिच्यातनं पलीकडचं ऊन दिसत होतं.

वहिनीनं घोंगडं झटकलं, खोलीच्या मधोमध अंथरलं, आणि तात्यांकडं न बघता लेकीला म्हणाली,

"पाळणा हितं नगा बांधू, ताई. म्या रोज पोरं निजवती हितं, आन् रोज जीव मुठीत धरती."

तात्या बसले नाहीत आधी. भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग येऊन घोंगड्यावर बसले, सगळा चहा संपवला.

उठताना एवढंच म्हणाले, "लेकी, ही खोली आजपास्नं बंद कर. आमच्यासाठी न्हाय, तुज्या लेकरांसाठी."

घर घेतलं नाही. कसं घेतील?

दादा आठ दिवस वहिनीशी बोलला नाही. तिनं गाद्या पुढच्या खोलीत आणल्या आणि आतल्या दाराला कुलूप लावलं.

भाद्रपदात, सकाळी दहाला, भर पावसात ती भिंत पडली. आतल्या बाजूला. गाद्या असायच्या बरोब्बर तिथं.

दादा पडक्या विटांसमोर उभा राहिला. मग आत येऊन वहिनीला म्हणाला, चहा टाक. तेव्हापासनं आजपर्यंत त्याचा आवाज तिच्यापुढं कधी चढला नाही.

पुढं नुसती जागा म्हणून विकली ती.

आज माणसं येतायत. दादानं पेटीतनं तेच घोंगडं काढून माझ्या हातात दिलं. मी अंथरलं.

आत्ता त्यावर काटेवाडीची ताई बसलीय; त्या दिवसापासनं तिचं वहिनीकडं येणं-जाणं होतं. शेजारी तिचा लेक, माझ्याहून उंच.

ह्या वेळी गाडी काढली नाही मी. इथंच बसलोय.

वहिनी, घोंगडं खाली आहे. भिंती उघड्या आहेत. तू निवांत जा.