बांध फुटला तेव्हा मी क्लेटनला होते

लॉकडाउन लागला तेव्हा मी मेलबर्नमधल्या एका छोट्या संस्थेत नोकरीला होते आणि तिथल्याच क्लेटन उपनगरात भाड्याच्या खोलीत राहत होते. केनियातल्या लहान शेतकऱ्यांना माती राखण्यातून काय मिळतं ते मोजायचं, हे माझं काम. आदल्या वर्षी तिथल्या एका डोंगरउतारावरच्या गावात मी दोन महिने राहून आले होते.

ज्यांच्या घरी राहिले त्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायचे. दोन एकर उतार, त्यात मका आणि चवळी. गावातल्या एक निवृत्त शिक्षिका संस्थेचं काम बघायच्या, आणि आमच्या दोघींमध्ये दुभाषीही त्याच. मावशींनी सुरुवातीला बांधाला नकार दिला होता, असं शिक्षिकाबाईंनी मला सांगितलं. नकारात चूक काहीच नव्हतं. उताराला आडवा चर खणायचा, निघालेली माती वरच्या अंगाला रचून बांध घालायचा, म्हणजे अंग मोडेपर्यंत कष्ट, आणि तेवढ्या पट्ट्यात पीकही नाही. पहिल्या वर्षी हाती काही लागत नाही.

मी गेले ते बांध घातल्यापासूनचं तिसरं वर्ष होतं. पाणी शेतातच मुरत होतं. मका घरी पुरून विकायला उरत होता. बांधावरच्या गवतावर एक गाय पोसली होती, तिचं दूध बाजारातल्या चहाच्या टपरीवर जात होतं. पूर्वी मावशी वर्षातले चार महिने शहरात धुणीभांडी करायला जायच्या, ते सुटलं होतं. मी टेप आणि वही घेऊन मागे मागे फिरायचे. त्या म्हणायच्या, मोज, पण आधी जेव.

पण बांध एकटीने टिकत नाही. वरच्या शेतातला फुटला की खालचे जातात. म्हणून पावसाआधी गावातल्या पंधरा-वीस बाया मिळून सगळ्यांच्या बांधांची डागडुजी करायच्या. लॉकडाउनच्या वर्षी नेमक्या तेव्हाच माणसं जमायला बंदी आली.

शिक्षिकाबाईंचा फोन आला तेव्हा आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते, त्यांच्याकडे सकाळ. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. तुमच्या संस्थेने लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या की हे काम गरजेचं आहे, तर इथले अधिकारी अंतर ठेवून काम करू देतील, म्हणाल्या. मी त्याच arvo ला, म्हणजे त्याच दुपारी, चहा पिऊन होण्याआधीच पत्र लिहून मॅनेजरला पाठवलं. तो भला माणूस. त्याने ते वर पाठवलं. तिथून ते वकिलांकडे गेलं. मी तीनदा आठवण करून दिली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. अशा काळात माणसं एकत्र आणण्याची शिफारस संस्था करू शकत नाही, असं होतं त्यात. तेही बरोबरच होतं.

तोवर पाऊस येऊन गेला होता. शिक्षिकाबाईंनी व्हिडिओ पाठवला. वरच्या शेताचा बांध खचला होता आणि तांबडं पाणी मावशींच्या मक्यातून सरळ खाली चाललं होतं. मावशी कुदळ हातात धरून कडेला उभ्या होत्या, काही करत नव्हत्या. मी किचनमध्ये उभ्या उभ्या तो पुन्हा पुन्हा पाहिला. माझा दिल्लीचा हाउसमेट म्हणाला, "क्या हुआ?" बांध फुटला, एवढंच मी म्हटलं. हिंदीत बांध म्हणजे धरण, त्याला वाटलं कुठलं तरी धरण फुटलं. तो फोनवर बातम्या शोधायला लागला.

दोन दिवसांनी शिक्षिकाबाईंनी मावशींना फोनवर घेतलं.

"त्या विचारतायत, पत्राचं काय झालं?"

"नाही मिळालं."

पलीकडे बराच वेळ दोघी आपसात बोलल्या.

"त्या म्हणतायत, ठीक आहे. तुझी आई बरी आहे का?"

मी हो म्हटलं. आईला भेटून दीड वर्ष झालं होतं, आणि विमानं बंद होती.

रिपोर्ट द्यायची वेळ आली. मॅनेजर म्हणाला, आदल्या हंगामापर्यंतचेच आकडे घे, पुढची मदत या रिपोर्टवर ठरणार आहे. मी थोडा वाद घातला. मग त्याने सांगितलं तसाच पाठवला. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

मदत तरीही आली नाही. सप्टेंबरमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. बंदी सैल झाल्यावर बायांनी बांध पुन्हा रचले, पण वरची कसदार माती ओढ्याला गेली होती. बाजार बंद होता तेव्हा दूध कोणी घेईना, म्हणून गाय विकावी लागली. वर्षअखेरीस शिक्षिकाबाईंशी बोलले तेव्हा कळलं, मावशी शहरात कामाला गेल्या आहेत. नंबर मागितला, तर त्यांचा स्वतःचा फोन नव्हता.

"गावी आल्या की काय निरोप देऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, विचारत होते म्हणून सांगा.