उक्लीझेच्का हजर नाही

सरांनी दाराआडचा झाडू उचलला आणि माझ्या बाकावर ठेवला. वहीच्या शेजारी.

"हा तुझा शब्द. उक्लीझेच्का. इंग्लिशमध्ये क्लीनर. उठ, करून दाखव."

वर्ग हसला. मीही हसले. सगळ्यांनाच काही ना काही मिळत होतं, मलाही मिळालं, असं वाटलं. उठले आणि फळ्यापासून दारापर्यंत झाडून काढलं. पोरांनी बाकावर बसल्या बसल्या पाय वर उचलले.

लातूरला गल्लोगल्ली क्लास. कुठं डॉक्टर करतात, कुठं इंजिनिअर. आमचा क्लास कामगार करणारा. झेक देशातल्या कारखान्यांना माणसं हवी होती. एजन्सीवाले आसपासच्या तालुक्यांतून पोरं-पोरी गोळा करायचे आणि पाठवण्याआधी भाषा शिकवायचे. कामापुरती इंग्लिश, तिच्या जोडीला झेक. वर्कर म्हणजे द्येल्नीक. वेल्डर म्हणजे स्वार्झेच, बाई असेल तर स्वार्झेच्का. फोरमन म्हणजे मिस्त्र. त्यावर आम्ही खूष झालो, हा तर आपला मिस्त्रीच निघाला.

मी कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातली. नांदेडला आयटीआय केलं, वेल्डर ट्रेड. बॅचमध्ये मुलगी मी एकटी. हातावर ठिणग्यांचे डाग आहेत, ते कधी झाकले नाहीत. वेल्डर म्हणून परदेशी जायचं, एवढ्यासाठीच लातूरला आले होते. आईनं गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सरांची शिकवायची एक रीत होती. शब्द पाठ करायचा नाही, अंगात मुरवायचा. म्हणून पहिल्याच दिवशी ते प्रत्येकाला एक शब्द द्यायचे. कोर्स संपेपर्यंत तेच त्याचं नाव. हजेरी त्या नावानं, आणि वर्गातलं कामही तेच. मिस्त्रनं पोरांना रांगेत बसवायचं. स्टोअरकीपरनं खडू-डस्टर सांभाळायचं. नाव पुकारलं की 'तादी' म्हणायचं. तादी म्हणजे इथं. हजर. रीत वाईट होती असं मी म्हणणार नाही, शब्द खरंच मुरायचे.

पण कुणाला कुठला शब्द, ते सर ठरवायचे. माझ्या आधी रेणापूरचा एक पोरगा होता. आडनाव ऐकलं, घरची शेती किती ते विचारलं आणि त्याला स्वार्झेच देऊन टाकलं. त्यानं जन्मात वेल्डिंगचा होल्डर धरला नव्हता. मग माझी पाळी आली.

"आडनाव?"

सांगितलं. त्यावरून त्यांना उमज पडेना.

"गावात घर कुठल्या अंगाला?"

"बुद्धविहाराच्या मागं."

"असं होय," म्हणाले, आणि दाराकडं गेले.

झाडून झाल्यावर मी म्हणाले, "सर, वेल्डर मी आहे. सर्टिफिकेट आहे माझ्याकडं."

"सर्टिफिकेट सगळ्यांकडं असतं," सर म्हणाले. "जे रक्तात असतं ना, ते लवकर जमतं. मी तुझ्याच सोयीचं बघतोय."

हे त्यांनी गोड आवाजात सांगितलं. शिवी असती तर मी तिथंच फिरून बोलले असते. गोड आवाजापुढं जीभ लुळी पडते. बसले खाली.

मग कळलं की कोर्स संपल्यावर कंपनीशी स्क्रीनवर मुलाखत आहे, आणि वर्गात ज्याचा जो शब्द, त्याच कामासाठी सर त्याचं नाव पुढं करणार. म्हणजे मी आयटीआय केलेली, आणि जाणार झाडायला. माझं वेल्डिंग तो रेणापूरचा करणार. त्या दिवशी माझं हसू बंद झालं.

त्याच्याशी बोलून बघितलं. तो काही वाईट नव्हता. म्हणाला, "लई मनावर घिऊ नको. खेळच हाय की."

"मंग बदल की. तू घे झाडू."

तो खरंच गोंधळला. "मला कुठं येतंय?" म्हणाला. झाडायला येत नाही, हे तो लाज न वाटता सांगू शकत होता.

आमच्या घरात झाडूची एक गोष्ट आहे. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा गावातली अंगणं झाडायची. मोबदला म्हणून शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. धम्म घेतला आणि तिनं खराटा, ज्यांच्या दारात झाडायची त्यांच्याच दारात ठेवला, आणि घरी निघून आली. मग कुणी शेतात कामाला बोलावेना. विहिरीवर येऊ देईना. पाला शिजवून खाल्ला, पण खराटा परत उचलला नाही. आमच्या घरी पोरींना चालायला यायच्या आधी हे सांगतात. झाडू आपल्या उंबऱ्याच्या आत. भाईर न्हाई.

आणि मी रोज बाहेर झाडत होते.

आजी मी लहान असतानाच गेली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात कुणाचाच नाही. तरी ती वर्गात यायला लागली. मी झाडायला वाकले की शेवटच्या बाकावर दिसायची. रागावायची नाही. बोलायचीही नाही. मी जवळ गेले की बाकीच्या पोरांसारखे तीही पाय उचलायची, खालून झाडू फिरावा म्हणून. तिच्या भेगाळलेल्या टाचा मला स्पष्ट दिसायच्या. मी तेवढी जागा सोडून पुढं जायचे. मला तिची भीती वाटायची.

हळूहळू शब्द वर्गाबाहेर यायला लागला. मेसमध्ये ताट घासताना ऐकू यायचा. बस स्टँडवर एक बाई झाडत होती, कंडक्टरनं तिला "ए, सरक" म्हटलं आणि माझ्या तोंडून 'तादी' निघून गेलं. कंडक्टरनं वळून बघितलं. मी मान खाली घातली.

माझी रूममेट हिमायतनगरची, आमच्याच क्लासची. एकदा सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, "कुणाला जवाब दिऊन राहिलीस गं झोपंत? तादी, तादी. आन् उठून बसलीस, हात जमिनीवर फिरवून राहिलीस."

मी माझ्या हाताकडं बघितलं. हा हात मी लोखंड जोडायला तयार केला होता, आणि झोपेत तो फरशी झाडत होता. सरांची रीत लागू पडली होती. शब्द मुरला होता.

त्याच दिवशी हजेरीला मी बसून राहिले.

"उक्लीझेच्का."

मी वही उघडली.

"उक्लीझेच्का!"

"ती आली न्हाई, सर."

"मग समोर कोण बसलंय?"

"स्वार्झेच्का."

कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. "ते नाव दिलेलं आहे."

"दिलं आसंल. माझं हाय."

"आणि वर्ग कोण झाडणार?"

त्यांना पडलेला प्रश्न हाच होता. मी म्हणाले, "ज्याला कचरा दिसतोय त्यानं."

सरांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "मुलाखतीचं विसर मग. तुमच्या लोकांचं हेच. संधी दिली की डोक्यावर बसता."

'तुमच्या लोकांचं' ऐकल्यावर वही मिटली. मी दप्तर घेतलं आणि उठले. वाटलं होतं, कुणी तरी बोलेल. रेणापूरच्यानं मान वर केली नाही. रूममेटनं खिडकीबाहेर बघितलं. दाराआडचा झाडू उंबऱ्यात आडवा पडला होता, त्याच्यावरून ओलांडून बाहेर पडले.

बाकीचे सगळे परदेशी गेले. रेणापूरच्याचा तिकडून फोटो आला, वेल्डरचं हेल्मेट घातलेला. शिकला असेल तिथं जाऊन. त्याला शिकायची मुभा होती. मला त्याचा राग येतो, आजही येतो, आणि तो गिळायचं मला काही कारण दिसत नाही.

घरी आले तेव्हा आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी आता जायचं न्हाई?"

"न्हाई."

"बरं," म्हणाली, आणि शेजारणीला सांगायला गेली. तिला काय त्रास झाला असेल, ते तिनं मला दिसू दिलं नाही.

आता मी नांदेडला एका शेडमध्ये वेल्डिंग करते. गेट, जाळ्या, ट्रॉल्या. आजी इथं येत नाही, पण शब्द येतो. मालक कुणावर ओरडला, "अरे तो कचरा लोटून घ्या," की माझी जीभ दाताला लागते, 'ता' म्हणायला. मी दात आवळून धरते. कधी कधी जीभ चावली जाते, रक्त येतं. हे जाईल, असं कुणी मला सांगू नये. ते माझ्यात मुरवलंय आणि मुरवणारा अजून क्लास घेतोय. नव्या बॅचला परवा शब्द वाटले असतील. कुणाच्या तरी बाकावर झाडू ठेवला असेल.

या महिन्यात मी लातूरला जाणार आहे. त्या क्लासच्या दारात उभी राहणार, पोरं बाहेर पडायच्या वेळी. ज्या पोरीच्या हाताला धूळ असेल तिला मी थांबवणार आणि काय झालं ते सगळं सांगणार. मग पोलिसात जाणार. साक्षीला कुणी येणार नाही, ते मला ठाऊक आहे. मी एकटी पुरेशी आहे. सरांनी मला बघून दार लावून घेतलं, तर मी दारातच बसेन. माझ्यावरून ओलांडल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येणार नाही.