बापूंचं कास्टिंग आणि परगावच्या मशिनी

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या ऑफिसात टेबलामागं वायरी साचतात तसे ते साचतात. कुठली कधी आली कुणालाच आठवत नाही, आणि एक ओढायला जावं तर तिच्याबरोबर आणखी चार बाहेर येतात. परवा चहाला बसलो असताना कुणीतरी क्लाउडचं नाव काढलं आणि झालं, सगळं भेंडोळं टेबलावर!

आधी माणसं सांगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथच्या वर्कशॉपवर आमची खोली आहे. मालक संग्रामदादा, मी आणि उमेश. फौंड्रीवाल्यांना कास्टिंगचं सिम्युलेशन करून देणं हा आमचा धंदा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना ते आकसतं, आणि जो कोपरा सगळ्यात शेवटी थंड होतो तिथं आत पोकळी राहते. ती कुठं राहील हे ओतायच्या आधी कंप्युटरवर बघायचं, एवढंच आमचं काम.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बापू. शिरोलीकडं त्यांची वडिलांपासूनची फौंड्री आहे. त्यांनी एका कंपनीच्या पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर घेतली, आणि प्रत्येक नगात आत भोक निघायला लागलं. कंपनी माल परत पाठवायची आणि बापू सगळा राग शामरावमामांवर काढायचे. मामा तिथले साचे करणारे मोल्डर. बापू आणि ते विशीपासून एकत्र काम केलेले. एके सकाळी सगळ्या कामगारांसमोर बापू म्हणाले, "तुझ्या हातात आता काय राह्यलं न्हाय, शामा. घरला जा." मामांनी हात धुतले आणि ते आपल्या गावी, मुरगूडला निघून गेले.

मला ते फार लागलं. मी पहिल्यांदा फौंड्रीत गेले तेव्हा ही पोरगी इथं काय करणार म्हणून सगळे लांबूनच बघत होते. मामांनी खांद्यावरच्या टॉवेलानं स्टूल पुसून मला बसायला दिलं होतं. आता बापूंनी गडहिंग्लजच्या एका मोल्डरला बोलावणं धाडलं होतं. तो कामावर रुजू व्हायच्या आत भोकाचं खरं कारण शोधायचं, असं मी संग्रामदादाला सांगून टाकलं.

अडचण अशी की आमच्याकडं कंप्युटर एकच. एक सिम्युलेशन सकाळी लावलं की संध्याकाळी उतरायचं, आणि तपासायच्या शक्यता तर ढीगभर. म्हणून दादानं क्लाउडवरची, म्हणजे नेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या मशिनींची, बॅच सेवा घेतली. आपण सगळे जॉब एकदम द्यायचे, ते रांगेत उभे राहतात, सेवा लागतील तेवढ्या मशिनी स्वतः उभ्या करते, काम करून घेते आणि बंद करते. वाचायला किती सोपं वाटतं!

*

मशिनी कुठं असतात, हा बापूंचा पहिला प्रश्न. उमेशनं मुंबई सांगितलं.

बापू म्हणाले, "पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं की मुंबईसनं काय बी येत न्हाय. मग?"

उमेशनं त्यांना समजावलं की हे ट्रकनं येत नाही, सगळं वायरीतून येतं. बापूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वायर कुठनं येतीया? हायवेच्या कडंनंच न्हवं?"

उमेश हसला. नको होतं हसायला. त्याच आठवड्यात रस्त्याच्या कडेला जेसीबीनं केबल तोडली आणि आख्ख्या उद्यमनगराचं नेट गेलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. दुपारी बापूंचा मुद्दाम फोन आला.

"पाणी आलं का?"

*

पहिला जॉब आम्ही वाजतगाजत रांगेत लावला. स्क्रीनवर 'चालायला तयार' अशी पाटी आली. ती तशीच राहिली.

संग्रामदादाचं घर उसाच्या शेतीचं, कारखान्याकडनं ऊसतोडीचा नंबर लागायची वाट बघणारं. नंबर येईपर्यंत थांबायचं असतं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या म्होरं मोठमोठ्या कंपन्या असतील, आपण काल आलेली माणसं, असं म्हणून त्यानं सकाळ काढली. जेवणानंतर मात्र त्याच्यातला कोल्हापूरकर जागा झाला. त्या कंपनीत कोण वळखीचं असंल तर नंबर वर सरकवता येईल, म्हणून त्यानं पुण्याच्या मेव्हण्याला फोन लावला, मेव्हण्यानं बंगळूरच्या मित्राला लावला. सगळ्या पाहुण्यारावळ्यांची ख्यालीखुशाली झाली.

शेवटी मीच सेटिंग उघडून बसले. जास्तीत जास्त केवढं मशीन वापरायचं याची मर्यादा आम्हीच भरली होती, आणि जॉबला त्याच्यापेक्षा मोठं मशीन मागितलं होतं. म्हणजे हा जॉब पुढच्या गाळपापर्यंत थांबला असता तरी चालला नसता. आणि पुढं मोठमोठ्या कंपन्या? ती रांग आमचीच होती. तिच्यात आमचा एकच जॉब उभा होता, आणि त्याच्यासाठी आम्ही बंगळूरपर्यंत वशिला लावला होता.

*

मग जॉब चालला. 'यशस्वी' अशी हिरवी पाटी आली, दादानं खालच्या वर्कशॉपलासुद्धा पेढे वाटले. उमेश रिझल्ट उघडायला गेला तर रिझल्ट नाहीत!

झालं होतं असं, की आम्ही रिझल्ट त्या मशीनच्याच डिस्कवर ठेवले होते. काम संपलं, सेवेनं मशीन बंद करून परत केलं, आणि त्याच्याबरोबर डिस्कही गेली. निकाल वेगळ्या जागी, कायमच्या साठवणीत टाकायचा असतो हे पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. पहिलं पान आमच्यात कुणी वाचत नाही.

हे बापूंना सांगायचं कसं, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. अखेर मीच सांगितलं. मला वाटलं आता चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "सुट्टी झाल्यावर कामगार माल खिशात घालून गेला. गेटवर झडती घेत न्हाय का तुम्ही?"

तेव्हापासून आमच्या प्रोग्रॅमच्या शेवटी निकाल बाहेर काढून ठेवणारी जी ओळ आहे, तिला आम्ही झडतीच म्हणतो.

*

उमेशचा किस्सा मात्र कुठल्याही आयटीवाल्याच्या हातून होणार नाही. उमेश आमच्याकडं येण्याआधी फौंड्रीत भट्टीवर होता.

सगळं सुरळीत चाललेलं, आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही काही दिलं नसतानाही एक मशीन सारखं चालूच आहे. मी बिल उघडलं आणि चहाचा कप खाली ठेवला. आत बघते तर थोड्या थोड्या वेळानं एक रिकामा जॉब रांगेत येत होता. काही न करता नुसता येऊन जायचा. उमेशनं तो मुद्दाम लावून ठेवला होता. दादानं कारण विचारलं.

उमेश म्हणाला, "दादा, काम नसलं तरी भट्टी गरम ठेवाय लागती. थंड पडली की आतलं अस्तर तडकतंय."

मला वाटलं दादा आता त्याला झापणार. पण दादाही उद्यमनगरातल्या भट्ट्या बघतच मोठा झालेला. तो म्हणाला, "ते बी खरंच हाय." ह्या मशिनींना अस्तर नसतं हे त्या दोघांना पटवण्यात माझी दुपार गेली. उमेशनं तो जॉब काढला खरा, पण संध्याकाळी जाताना एकदा स्क्रीनकडं काळजीनं बघून गेला.

*

आणि मग बापूंचं मोठं काम लागलं. मोल्डरच्या हातून जे जे कमीजास्त होऊ शकतं, ते सगळं मी वेगवेगळ्या जॉबमध्ये घातलं. साच्याची वाळू घट्ट, वाळू सैल, धातू जास्त गरम, कमी गरम, सावकाश ओतलेला, घाईनं ओतलेला. चांगल्यात चांगला हात आणि वाईटात वाईट हात. सगळे जॉब एकदम सोडले आणि पहिल्यांदाच त्या सेवेची खरी गंमत बघितली. एकाच वेळी कुठल्या कुठल्या मशिनी उठल्या आणि कामाला लागल्या. बापू स्वतः खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले होते. गडहिंग्लजचा मोल्डर दुसऱ्या दिवशी येणार होता.

निकाल यायला लागले. जिथं भोक पडणार तिथं चित्रात लाल ठिपका दिसतो. पहिल्या चित्रात तो डावीकडच्या जाड कोपऱ्यात होता. दुसऱ्यातही तिथंच. तिसऱ्यातही. मी एकेक चित्र उघडत गेले आणि बापू पुढं वाकत गेले. ठिपका कुठं लहान, कुठं मोठा, पण जागा तीच. कंपनीच्या ड्रॉइंगमध्येच तो कोपरा नको तेवढा जाड होता.

बापूंनी विचारलं, "ह्यातला शामाचा हात कुठला?"

मी म्हणाले, "कुठलाही धरा, बापू. भोक तिथंच पडतंय."

बापूंनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि तुमचं ड्रॉइंग चुकलंय, कोपरा बारीक करून पाठवा, तोवर ओतत नाही, असं खालच्या लेथवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दुसरा फोन गडहिंग्लजला केला आणि त्या मोल्डरला येऊ नका म्हणाले. मग मला म्हणाले, "ताई, गाडी काढ. मुरगूडला जायाचं हाय." एकट्यानं जायचा त्यांना धीर होत नव्हता हे मला दिसत होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं बरं वाटलं.

मामा दारात म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी बसायला घोंगडं टाकलं. चहा झाला. उसाचं झालं, म्हशीच्या दुधाचं झालं, गावातल्या दोन लग्नांचं झालं. बापू मूळ विषयावर येईनात. मी कपातला गार चहा पीत बसले होते.

अखेर बापू जमिनीकडं बघत म्हणाले, "शामा, मुंबईला लई मशिनी लावल्या. सगळ्यांनी त्याच जागी भोक पाडलं. ड्रॉइंगच वाईट हाय. चल कामावर."

मामा उठले, आत जाऊन टोपी घालून आले, खांद्यावर टॉवेल टाकला. चपलेत पाय घालता घालता त्यांनी विचारलं,

"मग बापू, त्या मशिनींस्नी बी सगळ्यांच्या म्होरं बोलून घरला घालवलासा का?"